आम्ही गाव मोजलं ते दिवस

आमच्या गावाचा नकाशाच कुठं नाही, हे मला नववीत असताना कळलं. सोनवणे बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या. निगडीला राहायच्या, रोज सकाळी दोन गाड्या बदलून धुळीनं माखलेल्या चपला घालून शाळेत यायच्या. त्या दिवशी कॅनडातला गहू शिकवत होत्या. मोठमोठी सपाट मैदानं, मैलोन् मैल एकच पीक, असं काहीतरी चाललं होतं. मध्येच पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, "आपल्या गावात कुठली माती कुठं आहे, कोण सांगेल?" पन्नासेक पोरं त्या वर्गात. निम्म्या पोरांच्या नखांत त्याच मातीचा मळ होता, पण तोंड कुणी उघडलं नाही. बाई म्हणाल्या, "कॅनडा राहू दे. पुढचे दोन महिने आपण कुरणवाडीचा भूगोल शिकू. पुस्तक नाही, म्हणजे तुम्हालाच लिहावं लागेल." माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा काटा असतो, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

आमची कुरणवाडी निघोज्याच्या शेजारी, चाकणच्या कंपन्या जिथं संपत तिथून जरा खाली. आज तिथं गेलात तर गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते मलाही बोट ठेवून दाखवता येणार नाही. तेव्हा मात्र गाव हातावरच्या रेषांसारखं स्पष्ट होतं. खाली इंद्रायणी. तिच्या कडेनं काळी जमीन, ओली झाली की पाय घोट्यापर्यंत धरून ठेवणारी. मधल्या पट्ट्यात तांबूस, भुसभुशीत, बटाट्याला आणि कांद्याला मानवणारी. आणि वर माळ. नुसता मुरूम, त्यावर कुसळी गवत आणि कधीमधी बाजरी. त्या माळावरच कंपन्या आल्या होत्या. लांब लांब निळ्या पत्र्यांच्या शेड, आणि दिवसातून तीनदा वाजणारा भोंगा. आमच्याकडं घड्याळ होतं, पण आई भाकरी थापायला बसायची ती भोंग्यावर. "पैला भोंगा झाला, उठ गं सुनंदे," हीच माझी सकाळ.

घर आमचं साधं, दोन खोल्या आणि पुढं ओसरी. मागं कांद्याची चाळ. उन्हाळी कांदा चाळीत भरला की सगळ्या घराला, अंथरुणाला, माझ्या दप्तराला त्याचा वास लागायचा. चाकणच्या बाजारात तो विकून येईपर्यंत आम्ही सगळे कांद्याचेच पाहुणे. विहिरीवरची मोटर चालू झाली की तिची घरघर ओसरीच्या खांबातून पाठीला जाणवायची. आई मासवडी करायची तेव्हा तर मी शाळेतून पळत यायची. बेसनाच्या उकडीच्या पोटात तीळ, खोबरं, लसूण भरून केलेल्या त्या वड्या आणि त्यावर जाळ रस्सा. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत आता मासवडी डब्यातून घरपोच मिळते. मी मागवली होती एकदा. चांगली होती. पण नाकातोंडातून पाणी आलं नाही, म्हणून परत मागवली नाही.

बाईंनी कामं वाटली. कुणाला विहिरी, कुणाला झाडं, कुणाला रस्ते. माझ्या आणि माझी मैत्रीण रंजना हिच्या वाट्याला आली माणसं. प्रत्येक घरात जायचं, किती माणसं राहतात ते लिहायचं, मूळ गाव कुठलं आणि उपजीविका काय तेही लिहायचं. शेवटी एका मोठ्या कागदावर सगळ्यांनी मिळून गावाचा नकाशा काढायचा आणि घरं रंगवायची. शेतीवर जगणारं घर हिरवं, कंपनीवर जगणारं लाल. मला वाटलं होतं, चार दिवसांत संपेल. आम्हाला पाच आठवडे लागले, आणि तेवढ्या दिवसांत मी जितकी चालले तितकी त्यानंतर कधी चालले नाही.

पहिल्याच घरी अडलं. "उपजीविका काय?" असं मी विचारल्यावर म्हातारे तात्या म्हणाले, "आमच्यात तसलं काय न्हाई, दुसऱ्या आळीला बग." रंजना हसून खाली बसली. मग मी प्रश्न बदलला. "तात्या, घर कशावर चालतं?" ते सरसावून बसले. कांद्यावर चालतं, थोरला कंपनीत कॅज्युअल लागलाय त्यावर चालतं, म्हशीच्या दुधावर चालतं, आणि धाकट्यानं टेम्पो घेतलाय त्यावर चालत नाही, असं सगळं सांगून झालं. मी हिरवी पेन्सिल धरू का लाल, ते कळेना. घरामागून घर तसंच निघालं. एक पाय वाफ्यात, एक पाय गेटमध्ये. आम्ही मग घरावर दोन्ही रंग लावायला लागलो, अर्धं हिरवं, अर्धं लाल. रोज संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात तो कागद पसरायचा, आम्ही गुडघ्यांवर बसून त्या दिवसाची घरं भरायची, आणि कागदावर गाव उगवताना बघायचं. वरच्या माळाकडून लाल रंग खाली उतरत होता, नदीकडून हिरवा वर चढत होता, आणि मधोमध दोन्ही गुंतले होते. आपण जिथं जन्मलो त्या जागेला असा काही आकार आहे, आणि तो आपल्या हातानं उमटायला लागलाय, या विचारानं मला जेवण जायचं नाही.

आमच्या घराचा रंग भरताना मी वहीत लिहिलं होतं, 'वडील : शेती. आई : घरकाम.' सगळ्या बायकांपुढं मी तेच लिहिलं होतं, कारण सगळ्या पुरुषांनी तेच सांगितलं होतं. आईला अक्षरओळख जेमतेम, पण तिनं बोट लावून लावून ते वाचलं. "घरकाम?" ती म्हणाली. "आन् मग कांद्याची लागण काय भोंगा करतो व्हय गं?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा पहिल्या घरापासून फिरलो आणि बायकांना बायकांबद्दल विचारलं. रंजना कुरकुरली, पण तिलाही मजा यायला लागली होती. वहीतली ती एक ओळ बदलली आणि नकाशावरचा हिरवा रंग कितीतरी गडद झाला.

खरी गंमत पुढं होती, गावच्या कडेच्या खोल्यांत. कंपन्या आल्या तशी बाहेरची माणसं आली. लातूर, बीड, नांदेडकडची, थोडी कोकणातली. त्यांना राहायला जागा पाहिजे, म्हणून ज्याला जमेल त्यानं गोठ्याशेजारी, विहिरीशेजारी पत्र्याच्या खोल्या काढल्या. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, सहा काढल्या होत्या. या खोल्या मोजणं म्हणजे मुंग्या मोजण्यासारखं. सकाळी जावं तर चारजण झोपलेले, रात्रपाळी करून आलेले. दुपारी जावं तर तेच अंथरूण, पण माणसं वेगळी. एकाच माणसाला आम्ही तीनदा मोजलं, कारण प्रत्येक वेळी तो वेगळ्या खोलीत चहा पीत बसलेला होता. शेवटी मी वहीत नवा रकाना आखला, 'शिफ्ट'. कोण पहिलीला, कोण दुसरीला, कोण तिसरीला. तो रकाना बघून सोनवणे बाई त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सुनंदा, हे कुठल्याही पुस्तकात नाही गं." त्या शब्दांवर मी पुढची तीस-पस्तीस वर्षं काढली म्हटलं तरी चालेल. नोकरीही मला नकाशांचीच लागली.

आमच्या सहा खोल्यांपैकी एका खोलीत ज्ञानोबा आणि शोभावहिनी राहायचे. लातूरकडचे. तो कंपनीत वेल्डिंगला, ती आमच्याच शेतात कांदा काढायला यायची. शोभावहिनी मला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी द्यायची. शिफ्टचा रकाना भरायला तिनंच मला मदत केली. सगळ्या खोल्यांतली कोण कधी येतं, कधी जातं, तिला पाठ होतं. एके दिवशी तिनं विचारलं, "ताई, एवढी मोजामोज करायलीस, आमाला धरलीस का न्हाई त्यात?" मी म्हणाले, "धरलं की वहिनी, सगळ्यांना धरलं." ती हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खोटं होतं.

झालं असं होतं की, आदल्याच दिवशी आण्णांनी माझी वही बघितली होती. बाकी सगळं त्यांना आवडलं. दोनचार ठिकाणी त्यांनी मला चुकाही दाखवल्या. आमच्या खोल्यांच्या पानावर आले तेव्हा मात्र थांबले. "हे फाड," म्हणाले.

"का आण्णा?"

"खोल्या पंचायतीत दावलेल्या न्हाईत. कागदावर आल्या म्हंजी घरपट्टी आली, चौकशा आल्या. आन् ही काय गावची मानसं हायत का? आज हायत, उद्या न्हाईत. झाडावरची पाखरं कुनी मोजतं का?"

आण्णा वाईट नव्हते. ते हात उगारणारे नव्हते, ओरडणारेही नव्हते. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं जड होतं. मी पान फाडलं नाही, पण नकाशावर आमच्या सहा खोल्यांची जागा कोरी ठेवली. त्या रंगीबेरंगी कागदावर ते सहा पांढरे चौकोन मला दात पडल्यासारखे दिसायचे.

त्याच सुमाराला गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली. तोवर आम्ही विहिरींचं आणि ओढ्याकाठच्या हातपंपाचं पाणी प्यायचो, आणि हातपंपावर सकाळी अशी रांग लागायची की बायकांची भांडणं शाळेपर्यंत ऐकू यायची. टाकी केवढी बांधायची ते ठरवायला तालुक्याहून एक साहेब येणार होते. ग्रामसभा शाळेत ठेवली, कारण पंचायतीच्या खोलीत माणसं मावत नव्हती. आमचा नकाशा व्हरांड्याच्या भिंतीला लावलेलाच होता. मी आणि रंजना मागं खांबाला टेकून उभ्या. आण्णा पुढून तिसऱ्या ओळीत, टोपी नीट करून बसलेले.

सरपंचांनी मतदारयादी काढली, लहान पोरांचा अंदाज मिळवला आणि आकडा सांगितला. साहेब लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांची नजर भिंतीकडं गेली. उठले, जवळ गेले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "हे कोणी केलं?"

सोनवणे बाई म्हणाल्या, "मुलांनी. माणसांची मोजणी या दोघींनी केली आहे."

"या इकडं. तुमचा आकडा किती?"

रंजनानं माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी पुढं गेले. माझ्याजवळ दोन आकडे होते, एक आमच्या खोल्या सोडून आणि एक धरून. मधल्या वाटेनं चालताना मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळेही वटारले नाहीत. ते फक्त बघत होते. मला एकदम हातपंपावरची शोभावहिनी दिसली. ती रोज सगळ्यात शेवटी उभी असायची, कारण गावच्या बायका तिला पुढं जाऊ देत नसत. मी मोठा आकडा सांगितला. आवाज इतका चढला की मीच दचकले.

"सरपंचांपेक्षा फार जास्त होतोय हा," साहेब म्हणाले.

"खोल्यांतली माणसं धरली ना साहेब. ती पण पाणी पितात." आणि मग, थांबायच्या आत, "ही पांढरी जागा आहे ना, तिथं आमच्या सहा खोल्या आहेत. त्या रंगवायच्या राहिल्यात."

सभेत एकदम गलका झाला. "भाडेकरू कवापासनं गावकरी झाले राव?" "आवो पन रांगंला तर हायतच की!" "मंग दाव की तुज्या पन खोल्या, कुलूप कशाला लावतो!" कुणीतरी हसलं, कुणी उठून हातवारे करायला लागलं. त्या गोंधळात आण्णा उठले. मला वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी चपला घातल्या आणि गेटातून बाहेर पडले. त्यांची पाठ मी रस्त्याच्या वळणापर्यंत बघत होते.

साहेबांनी सभा शांत केली. म्हणाले, "मुलीचा नकाशा चांगला आहे, पण माझ्या कागदाला पंचायतीची सही लागते. आठ दिवसांत घरोघरची यादी करून द्या. जेवढी माणसं यादीत, तेवढी टाकी." सरपंचांनी मान डोलावली, पण यादी कोण करणार ते कुणी बोललं नाही. सभा पांगली. सोनवणे बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांची गाडी गाठायला पळाल्या.

संध्याकाळी घरी बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी होती. आण्णा खाली मान घालून जेवत होते. खरं सांगायचं तर भीतीच्या खालून आत काहीतरी उड्या मारत होतं. मी खरं बोलले होते, आणि भरल्या सभेनं ते ऐकलं होतं. हे आज लिहितानाही माझे हात गरम होतात. आईनं आण्णांच्या ताटात भाकरी वाढली आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "टाकी बारकी झाली तर लोकं कुठं येतील पान्याला? आपल्याच इहिरीवर. मंग कांदा कशावर काढायचा?" आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. आईनं आणखी एक वाक्य टाकलं. "सायेबानं नकाशा चांगला म्हनला म्हनं."

"म्हनला," आण्णा म्हणाले. म्हणजे ते गेटाबाहेर गेले असले तरी लगेच घरी आले नव्हते. भिंतीपलीकडं उभे राहून ऐकत होते.

सकाळी पहिला भोंगा झाला आणि मी उठले तर आण्णा ओसरीवर तयार. स्वच्छ धोतर, टोपी, हातात माझी वही. "चल. यादी करायची हाय न्हवं?"

मी बघतच राहिले. "तुम्ही येणार?"

"सरपंचाची मानसं फिरली तर लोकं खोल्यांना कुलपं लावत्याल. मी काल पळालो, तसं समदे पळत्याल. मी दारात हुबा ऱ्हायलो तर कोन कुलूप लावतंय बगू. आधी आपल्या खोल्या लिव्हू, म्हंजी कुनाला बोलाय तोंड ऱ्हानार न्हाई."

त्या आठ दिवसांत आण्णा आणि मी सगळं गाव पुन्हा फिरलो. लोक कुरकुरले, चिडले, एकानं तर आण्णांना "पोरीच्या नादी लागलास" असंही सुनावलं. आण्णा म्हणाले, "लागलो. तुज्या किती खोल्या?" यादी वेळेत पोचली. टाकी मोठी झाली, सरपंचांच्या आकड्यानं झाली असती त्यापेक्षा कितीतरी मोठी. घरपट्टीही आली, आणि आण्णा ती भरताना दर वर्षी माझ्या नावानं दोन शब्द काढायचे. गाव पुढं त्या टाकीलाही पुरून उरलं, तो भाग वेगळा. पण मला आठवते ती त्यातली पहिली सकाळ.

आम्ही आमच्याच खोल्यांपासून सुरुवात केली. आण्णांनी पहिलं दार वाजवलं. ज्ञानोबा तिसरी शिफ्ट करून नुकताच आला होता, तोंड धूत होता. मालक स्वतः दारात आलेले बघून घाबरला. त्याला वाटलं, खोली सोडायला सांगतायत. "काय झालं मालक? काय चुकलं का आमचं?"

"चुकलं काय न्हाई. नाव काय तुजं?"

दोन वर्षं तो माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. ज्ञानोबानं नाव सांगितलं, बायकोचं सांगितलं. मी लिहून घेतलं. "गाव?" त्यानं गाव सांगितलं. माझ्या रकान्याला तेवढंच पुरेसं होतं, मी पान उलटलं. पण आण्णा हलले नाहीत.

"शेती हाय का तिकडं?"

"हाय की मालक. चार एकर. भाऊ करतोय."

"माती कसली?"

"काळी. लई काळी. पाऊस झाला की बैल रुतून बसतंय बगा. आन् उनाळ्यात अशी फाटती की हात जातोय आत."

"आमच्या नदीकडंची बी तशीच," आण्णा म्हणाले. "मंग पेरता काय?"

"तूर, सोयाबीन. हिरीला पानी असलं तर हरभरा. पन पानीच न्हाई ना मालक. असतं तर कशाला आलो असतो इकडं लोखंड जोडायला?"

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. शोभावहिनी आतून चहा घेऊन आली. एक कप आण्णांना, एक मला. ज्ञानोबा अजून उभाच होता. आण्णांनी हातानं शेजारची जमीन थोपटली. "बस रे. हीर किती खोल हाय म्हनतोस?"

बाकीच्या पाच खोल्या, आणि मागचं सगळं गाव अजून मोजायचं होतं. मी वही मिटली आणि चहा प्यायला लागले.